साथीचा गुण



कबड्डीचा सामना पाहून माणसं घराकडे निघतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात दोनच गोष्टी असतात. कोण जिंकलं आणि कुणी किती गुण घेतले. एका चढाईत तिघांना शिवून आलेल्या पोराचं नाव आपण पोचायच्या आधी पानठेल्यावर पोचलेलं असतं. घोटा धरून चढाईपटूला आडवा पाडणाऱ्याचंही नाव निघतं, जरा उशिरा निघतं एवढंच. पण घोटा धरल्याच्या पुढच्याच क्षणाला ज्यानं धावत येऊन मध्यरेषेची वाट बंद केली, त्याचं नाव कुणी घेत नाही. आज मला त्या तिसऱ्या माणसाविषयी बोलायचं आहे. त्याच्या खेळाचं मोल कसं करायचं आणि ते नीट केलं नाही तर काय बिघडतं, एवढाच आजचा विषय.

तुम्ही म्हणाल, हा कविता लिहिणारा माणूस, याचा कबड्डीशी काय संबंध? संबंध आहे तो अक्षराचा. खेळाडू म्हणून मी कधीच उपयोगाचा नव्हतो. माझा दम चार पावलांत सुटायचा. पण बी.ए. होऊन दारव्ह्याला परत आलो तेव्हा गावातल्या मंडळींना एक शोध लागला की याचं अक्षर बरं आहे. तेव्हापासून आमच्या भागात स्पर्धा असली की मला गुणलेखकाच्या टेबलावर बसवतात. दिवाळी होते, कापसाचे पहिले वेचे घरात येतात, हवेत गारवा येतो आणि गावोगावचं मैदान सजायला लागतं. ढेकळं फोडून माती चाळायची, पाणी शिंपडायचं, फक्कीनं रेषा आखायच्या, चार बांबूंवर दिवे लावायचे. रात्री दहाला सुरू झालेले सामने पहाटेपर्यंत चालतात. अंगावर शाल आणि हातात पेन घेऊन तीसेक हिवाळे मी या टेबलावर काढले आहेत. म्हणजे गुण कुणाच्या नावावर जातो आणि कुणाच्या नावावर जात नाही, हे मी लांबून ऐकलेलं नाही. ते माझ्याच हातानं लिहिलेलं आहे.

ज्यांनी हा खेळ फार बारकाईनं पाहिला नसेल, त्यांच्यासाठी दोन शब्द. पुरुषांचं मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. मधोमध मध्यरेषा. तिच्यापासून पावणेचार मीटरवर निदानरेषा आणि त्यापुढे एक मीटरवर बोनसची रेषा. एका बाजूला सात खेळाडू. दोन टोकांना दोन कॉर्नर, त्यांच्या लगत आत दोन इन, मग दोन कव्हर आणि बरोबर मध्ये सेंटर. समोरून एक जण तीस सेकंदांची चढाई घेऊन येतो. हे सात जण हातात हात घालून, दोघादोघांच्या किंवा तिघातिघांच्या साखळ्या करून त्याच्या हालचालीबरोबर पुढेमागे होतात. लांबून पाहिलं तर दोन गट गुंतलेले दिसतात. जवळून पाहिलं तर प्रत्येकाचं काम वेगळं असतं.

समजा चढाईपटू डाव्या कोपऱ्याकडे वळला. कॉर्नरनं वाकून त्याचा घोटा धरला. आपल्याला वाटतं, झाली पकड. पण झालेली नसते. कसलेला चढाईपटू एका पायावर कॉर्नरला ओढत नेतो, अंग झोकून देतो आणि हात लांबवतो. मध्यरेषेच्या पलीकडे त्याचं बोट टेकलं तरी तो सुटला. उलट ज्यानं घोटा धरला तोच बाद, आणि गुण समोरच्यांचा. हा सगळा प्रकार एक-दोन सेकंदांत आटोपतो. त्या एक-दोन सेकंदांत कव्हरवाल्यानं साखळी सोडून, बरोबर कोन साधून, चढाईपटू आणि मध्यरेषा यांच्यामध्ये आपलं अंग घालायचं असतं. लवकर गेला तर चढाईपटू त्यालाच शिवून मोकळा होतो. उशिरा गेला तर वाट उघडी राहते. चुकीच्या कोनातून गेला तर कॉर्नरच्याच अंगावर आदळतो. आणि सगळं बरोबर जमलं तर पंचांची शिट्टी होते, प्रेक्षक कॉर्नरचं नाव घेऊन ओरडतात, आणि टेबलावर बसलेला मी कॉर्नरच्या क्रमांकासमोर एक आकडा वाढवतो.

यात कुणाची लबाडी नाही. पकडीला एक गुण असतो, तो कुणाच्या तरी एकाच्याच नावावर लिहावा लागतो, आणि ज्यानं पहिल्यांदा धरलं त्याचा हक्क मोठा आहे. पण कॉर्नर खाली वाकतो, आपला घोट्यावरचा हात पक्का करतो, तो कुणाच्या भरवशावर? कव्हर येणार नाही असं त्याला वाटलं तर तो वाकणारच नाही. पुष्कळ संघांत मी हे पाहिलं आहे. चांगला कव्हर दुखापतीनं बाहेर बसला की दुसऱ्या दिवशी कॉर्नरच्या पकडी निम्म्यावर येतात आणि लोक म्हणतात, आज याचं अंग जड झालंय.

गझल लिहिणाऱ्यांना ही गोष्ट लवकर समजावी. मैफलीत दाद मिळते ती शेराच्या कल्पनेला. काफिया चमकला तर लोक मान डोलावतात. रदीफ मात्र प्रत्येक शेराच्या शेवटी येणारा तोच तो शब्द. त्याला कुणी वाहवा म्हणत नाही. पण तो सैल पडला की चांगली कल्पनासुद्धा जमिनीवर येते. कव्हर हा कबड्डीतला रदीफ आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याच जिल्ह्यातल्या एका स्पर्धेत उजव्या कव्हरला एक मुलगा खेळत होता. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरचा, अंगानं मजबूत, बोलायला कमी. तीन रात्री त्याचा संघ जिंकत अंतिम सामन्यापर्यंत गेला. माझ्या पत्रिकेत त्याच्या नावासमोर तीन रात्रींचे मिळून चार गुण होते. मी त्याला म्हटलं, "बेटा, तू खेळलास फार चांगलं." तो लाजून म्हणाला, "चाचा, म्या त काईच नाई केलं. नुसता उभा होतो." बक्षीस समारंभात तीन चषक होते. उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड आणि सर्वोत्तम खेळाडू. त्यातला एकही त्याचा नव्हता, आणि पत्रिका पाहता असणारही नव्हता. पुढे निवड चाचणी झाली. यादी लावताना ज्यांची नावं कानावर होती ती आधी लागली. हा राहिला. त्यानंतर तो मैदानावर फारसा दिसला नाही.

त्या मोसमापासून मी टेबलावर दोन वह्या ठेवतो. एक आयोजकांची आणि एक माझी. माझ्या वहीत काय असतं ते सांगतो, पण त्याआधी जरा लांबचा एक फेरफटका मारू. कारण हा प्रश्न काही फक्त आपला नाही.

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. तो रात्री जागून अमेरिकेतला फुटबॉल पाहतो. हा आपल्याकडचा पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण आणि धडकाधडकी. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक खेळाडू असतो. चेंडू फेकणारा तो, जाहिरातीतला तो, सर्वांत जास्त पैसा त्याचा. त्याच्यासमोर सव्वाशे-दीडशे किलोचे पाच जण भिंतीसारखे उभे असतात. समोरून धावून येणाऱ्यांना थोपवायचं आणि फेकणाऱ्याला दोन-तीन सेकंद मोकळे मिळवून द्यायचे, एवढंच त्यांचं काम. मधला एक जण चेंडू मागे देतो तेवढाच. एरवी या पाचांच्या हाताला चेंडू क्वचितच लागतो. त्यांच्या नावावर गुण नसतो. मैदानावर त्यांचा उल्लेख होतो तो बहुधा एकदाच. नियम मोडून कुणाला धरून ठेवलं, तर पंच त्यांचा क्रमांक जाहीर करतात!

भाचा हे सांगत होता आणि मला आमचा कव्हर दिसत होता.

त्या देशात आकड्यांचं वेड मोठं. तरी या पाच जणांचं मोल करायला त्यांनाही फार वेळ लागला. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्यापूर्वीच आडवं पाडलं तर पाडणाऱ्याच्या नावावर त्याची अधिकृत नोंद तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये १९८२ सालापासून होऊ लागली. म्हणजे भिंत फोडणाऱ्याची नोंद आधी झाली, भिंत राखणाऱ्याची नाही. मग १९८५च्या नोव्हेंबरात वॉशिंग्टनच्या जो थाइसमन या क्वार्टरबॅकचा पाय लॉरेन्स टेलर या खेळाडूच्या धडकेत मोडला. दूरचित्रवाणीवर लाखो लोकांनी ते पाहिलं. थाइसमन पुन्हा लीगमध्ये खेळला नाही. उजव्या हातानं फेकणाऱ्याची पाठ डावीकडे असते आणि ती बाजू त्याला दिसत नाही. तिथं उभा राहणारा भिंतीतला डावा खेळाडू किती मोलाचा आहे, हे संघांना कळत गेलं. १९९३ पासून खेळाडूंना संघ बदलायची मोकळीक मिळाली, तेव्हा त्या जागेचा भाव चढला. लेखक मायकेल लुइस यांनी २००६ मध्ये या विषयावर एक पुस्तकच लिहिलं.

आता तिथं मोजमापाच्या दोन पद्धती प्रसिद्ध आहेत. एकीत माणसं बसून प्रत्येक डाव पुन्हा पुन्हा पाहतात आणि प्रत्येक खेळाडूला त्या डावापुरते उणे दोनपासून अधिक दोनपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या टप्प्यानं गुण देतात. दुसरीत खेळाडूंच्या अंगावरच्या यंत्रांवरून मोजतात की भिंतीतल्या माणसानं समोरच्याला अडीच सेकंद थोपवलं का. थोपवलं तर त्याची जीत. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन पाच सेकंद घुटमळला आणि मग पडला, तर तो दोष भिंतीचा नाही. मला हा विचार आवडला. शेवट काय झाला यावरून माणसाला जोखायचं नाही. त्याच्या वाट्याचं काम त्यानं त्याच्या वेळेत केलं का, हे पाहायचं.

आपल्याकडेही बदल झाला आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली. टीव्हीमुळे पकड पुन्हा संथ गतीनं पाहता येऊ लागली. तरी तिथलीही भाषा ऐका. चढाईत दहा गुण घेतले तर त्याला सुपर टेन म्हणतात. पकडीत पाच घेतले तर हाय फाइव्ह. म्हणजे पकडीचा एक गुण मिळवणं अवघड आहे, हे लीगनं मान्य केलं. प्रदीप नरवालच्या नावावर अठराशेच्या वर चढाईचे गुण आहेत. इराणचा फजल अत्राचली हा डावा कोपरा सांभाळणारा अव्वल पकडपटू, त्याच्या पकडीच्या गुणांनी पाचशेचा टप्पा ओलांडला. हे दोन आकडे शेजारी ठेवून मोठा कोण ते ठरवायला बसलो तर फसगत होईल. २०१८च्या लिलावात याच फजलसाठी मुंबईच्या संघानं एक कोटी रुपये मोजले. लीगमध्ये कोटीला पोचलेला तो पहिला खेळाडू, आणि तो पकड करणारा होता. २०२३ मध्ये पुण्याच्या संघानं इराणच्याच मोहम्मदरेझा शादलूला दोन कोटी पस्तीस लाखांना घेतलं. तो मोसम २०२४च्या मार्चमध्ये संपला तेव्हा पुणेरी पलटणनं विजेतेपद मिळवलं होतं. कर्णधार होता तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला आपला अस्लम इनामदार. म्हणजे कोपऱ्याचं मोल बाजाराला कळलं. कव्हरचं नाव मात्र अजून तेवढ्या वेळा ऐकू येत नाही, कारण त्याचं निम्मं काम कुठल्याच रकान्यात बसत नाही.

साखळीचं काम काय करू शकतं, याचा धडा आपण २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत घेतला. १९९० पासून २०१४ पर्यंत पुरुषांचं प्रत्येक सुवर्ण भारताचं होतं. जकार्तात उपांत्य सामन्यात इराणनं आपल्याला २७-१८ असं हरवलं. आपल्याकडे नावाजलेले चढाईपटू होते. पूर्ण चाळीस मिनिटांत आपले गुण अठरा. महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणनं भारतावर २७-२४ अशी मात केली, आणि त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. प्रशिक्षकाचं नावही गुणपत्रिकेत नसतं. पण त्या मुलींच्या हातात हात कुणी घालून दिला, ते जगाला कळलं.

आता माझ्या वहीकडे येतो. शंभर पानी साधी वही आहे. कॅमेरा नाही, यंत्र नाही. पाच रकाने आहेत. कुठल्याही गावात, कुणालाही भरता येतील असे.

पहिला रकाना प्रयत्नांचा. पकडीचे गुण लिहायचेच, पण त्यासाठी किती वेळा हात घातला तेही लिहायचं. दहा वेळा झेपावून चार पकडी करणारा आणि पाच वेळा झेपावून चार पकडी करणारा, पत्रिकेत दोघे सारखे दिसतात. पहिल्यानं सहा वेळा स्वतःला बाद करून घेतलं, हे पत्रिका सांगत नाही.

दुसरा रकाना साथीचा. एकानं धरलं आणि दुसऱ्याच्या येण्यानं पकड पुरी झाली, तर दुसऱ्याच्या नावासमोर एक टिंब. गुण नव्हे, नुसतं टिंब. सामना संपल्यावर टिंबं मोजायची. पहिल्या वर्षी ही टिंबं ज्यांच्या नावासमोर जास्त निघाली, त्यातल्या बहुतेकांना बक्षिसाच्या रांगेत मी कधी पाहिलं नव्हतं.

तिसरा रकाना घाईचा. चढाईपटू आत पुरता यायच्या आधीच कुणी तरी उतावीळपणानं उडी मारतो आणि साखळी फुटते. गुण एकट्याचा गेला असं दिसतं, पण त्या फटीतून शेजारचेही एक-दोन जण जातात. घाई कुणाची होती, ते लिहून ठेवायचं.

चौथा रकाना रिकाम्या चढाईचा. चढाईपटू आला, फिरला आणि हात हलवत परत गेला. पत्रिकेत काहीच लिहिलं जात नाही. पण लीगच्या नियमात लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. म्हणजे रिकामी चढाई ही बचाव करणाऱ्यांची कमाई आहे. मी एवढंच टिपतो की चढाईपटू कुठल्या बाजूला गेला. सामन्याच्या मध्यापर्यंत एखाद्या बाजूला जाणंच त्यानं सोडलं, तर तिथं उभ्या असलेल्या जोडीनं हात न लावता काम केलं.

पाचवा रकाना वेळेचा. आपली कबड्डी संजीवनी पद्धतीची आहे. एक बाद झाला की समोरच्यांचा एक जिवंत होऊन परत येतो. त्यामुळे समोरच्या संघाचा पट्टीचा चढाईपटू पकडला गेला, तर एक गुण मिळतो, आपला माणूस आत येतो, आणि तो पट्टीचा माणूस बाहेर बसून राहतो. किती मिनिटं बसला, ते घड्याळ पाहून लिहायचं. चाळीस मिनिटांपैकी पंधरा मिनिटं तो बाहेर होता, तर सामना तिथंच फिरला असं समजा. आणि ज्यांच्या जोडीनं त्याला बाहेर बसवलं, त्या दोघांची नावं शेजारी लिहायची.

हे सगळं सांगितल्यावर एक सावधगिरीही सांगायला हवी. वही काही खुदाचा हिशेब नव्हे. बाहेर बसलेल्याला मैदानातलं ठरलेलं काय होतं, ते ठाऊक नसतं. कॉर्नरनं घोटा धरला आणि कव्हर आला नाही. दोष कव्हरचा? कदाचित संघाचं ठरलं असेल की ही चढाई रिकामी जाऊ द्यायची, कुणी हात घालायचा नाही. मग कव्हर जागेवर राहिला ते बरोबर, आणि घोटा धरणाऱ्यानं ठरलेलं मोडलं. अमेरिकेतल्या परीक्षकांपुढेही हाच पेच असतो. भिंतीतल्या कुणी कुणाला थोपवायचं ठरलं होतं, ते बाहेरून कळत नाही. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना एका चढाईवरून कितीतरी वेळ अडून राहिला. राखीव पट्ट्यात कोण कधी गेलं आणि त्याचे गुण कुणाला, यावर वाद. एवढे कॅमेरे, एवढे पंच, तरीही. साखळीत घडलेली गोष्ट सुटी करून पाहणं इतकं कठीण असतं. म्हणून सामना संपला की मी कर्णधाराला पाणी पिऊ देतो आणि मग विचारतो, "भाऊ, या चढाईला काय ठरलं होतं?" पोरं खरं सांगतात. पुष्कळदा कॉर्नरच सांगतो की ती पकड माझी नव्हती, याची होती. आकडा आणि माणसाची साक्ष, दोन्ही जुळली तरच मी ते पक्कं धरतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. खेळ आहे, हारजीत झाली, घरी जा. पण आमच्या भागात खेळ हा नुसता खेळ राहत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतीचं सगळ्यांना ठाऊकच आहे. पाऊस वेळेवर आला तर कापूस, कापूस आला तर भाव नाही. घरातलं एक पोरगं सरकारी नोकरीला लागलं तर अख्खं घर तरतं. राज्य शासनाच्या नोकरीत निकष पूर्ण करणाऱ्या खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस भरतीच्या तयारीला लागलेली कितीतरी पोरं संध्याकाळी कबड्डीच्या मैदानावर दिसतात, ती काही उगाच नव्हे.

आता यातली गंमत पाहा. सांघिक खेळात प्रमाणपत्र संघाला मिळतं. राज्य पातळीवर, देश पातळीवर संघानं स्थान मिळवलं, तर बाराच्या बारा जणांचा कागद सारखाच असतो. चढाईपटूला मोठा कागद आणि कव्हरला लहान, असं नसतं. सरकारच्या लेखी साथ देणारा आणि गुण घेणारा एकच. फरक पडतो तो त्याच्या आधी, त्या बारांत कोण जाणार हे ठरताना. आणि तिथं निवडणाऱ्यांसमोर असतात कानावर पडलेली नावं आणि गुणांचे आकडे. म्हणजे जिथं सगळे समान होतात त्या दारापर्यंत पोचण्याची वाट, साथ देणाऱ्यासाठीच अरुंद आहे. त्या मुलाला चषक मिळाला नाही याचं मला तेवढं वाटत नाही. चषक कपाटात पडून राहतात. त्याचं नाव यादीपर्यंत पोचवणारी एक ओळसुद्धा कुणाच्या कागदावर नव्हती, हे मात्र लागतं.

यात नुकसान त्याच्या एकट्याचं नसतं. पोरं हुशार असतात. कशाला बक्षीस आहे ते त्यांना बरोबर कळतं. आज आमच्या गावांत दहा वर्षांच्या पोराला विचारा, तू काय खेळतोस? सगळे चढाईच म्हणतात. कुणी कव्हर म्हणत नाही. साखळीत हात द्यायला कुणी उरलं नाही, तर कॉर्नर कुणाच्या भरवशावर वाकणार? आपल्या विदर्भाला या खेळाचा अभिमान आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनं १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी परदेशी लोकांना कबड्डी करून दाखवली. तिथल्या प्रेक्षकांना त्यातलं एकही नाव ठाऊक नव्हतं. हातात हात घालून हलणारी माणसं त्यांनी पाहिली. खेळाची ओळख झाली ती अशी.

म्हणून यंदाच्या हिवाळ्यात स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना माझं एक साधं सांगणं आहे. तीन चषक देता, त्यात चौथा ठेवा. त्यावर 'उत्कृष्ट साथ' असं कोरा. खर्च फार नाही. पण तो चषक द्यायचा म्हटलं की कुणाला तरी साथ मोजावी लागेल. मोजणारा बसला की टिंबं पडतील. टिंबं पडली की निवड करणाऱ्यांच्या हाती एक कागद जाईल. त्या कागदावर अशा मुलाचं नाव असेल, जो विचारलं तर म्हणेल, मी काहीच केलं नाही.

दोन वर्षांपासून शेजारच्या एका गावानं हे सुरू केलं आहे. मागच्या खेपेला तो चषक एका उजव्या इनला मिळाला. त्याला स्वतःला आश्चर्य वाटलं. टाळ्या मात्र सर्वांत आधी वाजवल्या त्याच्या कॉर्नरनं. वहीचे रकाने कुणाला हवे असतील तर गुणलेखकाच्या टेबलावर या. मी तिथंच असतो, शाल पांघरून.